गोंदियाचा मतदार खरंच चुकतो का?

प्रश्न : मी देवरी तालुक्यातला धान उत्पादक. चार एकर बांध्या आहेत. आमच्या भागातले लोक दर पाच वर्षांनी चिडतात आणि पुन्हा तशीच माणसं निवडून देतात. २०२४-२५ ला माझ्या सोयऱ्याचं धान पलीकडे छत्तीसगडात एकतीसशेने गेलं, माझं तेवीसशेने. चुकाऱ्यांसाठी थांबायचं, बोनससाठी थांबायचं, आणि निवडणूक आली की पुन्हा रांगेत उभं राहायचं. इथल्याच लोकांनी बाबासाहेबांनासुद्धा पाडलं होतं. पुण्याला नोकरी करणारा माझा मुलगा फोनवर म्हणतो, खेड्यातल्या माणसाला निवडताच येत नाही. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही. तो म्हणतो ते खरं आहे का?
– एक वाचक, ता. देवरी, जि. गोंदिया

उत्तर : मुलगा म्हणतो ते खरं नाही. पण त्याचं उत्तर दोन ओळींत देता येणार नाही. तुमच्या पत्रात चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि चारही महत्त्वाचे आहेत. म्हणून आज या सदरात दुसरं पत्र घेतलेलं नाही.

‘पुन्हा तशीच माणसं निवडून देतात’ हे आधी तपासून पाहू. जिल्ह्याचा मोठा भाग ज्या लोकसभा मतदारसंघात येतो, त्या आधीच्या भंडारा आणि २००९ पासूनच्या भंडारा-गोंदिया मतदारसंघाचा हिशेब असा आहे. १९९९ ला चुन्नीलाल ठाकूर. २००४ ला शिशुपाल पटले, तेही प्रफुल्ल पटेलांना हरवून. २००९ ला प्रफुल्ल पटेल. २०१४ ला नाना पटोले, पटेलांना जवळपास दीड लाख मतांनी पाडून. पटोलेंनी डिसेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि २०१८ च्या पोटनिवडणुकीत मधुकर कुकडे आले. ती पोटनिवडणूक तुम्हाला आठवत असेल. मे महिन्याच्या उन्हात यंत्रं बंद पडली, लोक तासन्‌तास ताटकळले आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. तरीही लोक दुसऱ्यांदा मत द्यायला आले. २०१९ ला सुनील मेंढे जवळपास दोन लाखांनी जिंकले आणि २०२४ ला तेच मेंढे डॉ. प्रशांत पडोळेंकडून सुमारे ३७ हजारांनी हरले. सात निवडणुका, सात खासदार. यातल्या एकालाही सलग दुसऱ्यांदा दिल्लीला पाठवलेलं नाही. महाराष्ट्रात इतक्या सातत्याने खासदार बदलणारे मतदारसंघ फार नसतील.

तुमचा देवरी तालुका विधानसभेला आमगावात येतो. तिथे २००९ ला रामरतन राऊत, २०१४ ला संजय पुराम, २०१९ ला सहसराम कोरोटे, २०२४ ला पुन्हा पुराम. सलग दोनदा कुणीच नाही. अर्जुनी मोरगावात राजकुमार बडोले सामाजिक न्याय खात्याचे मंत्री राहिलेले. २०१९ ला त्यांना मनोहर चंद्रिकापुरेंनी ७१८ मतांनी हरवलं. मंत्रिपद भोगून आलेल्या माणसाला सातशे मतांनी घरी बसवणारा मतदार झोपलेला नसतो. अपवाद आहेतच. तिरोड्यात विजय रहांगडाले २०१४ पासून तीनदा आले आणि गोंदिया शहराने गोपालदास अग्रवालांना ओळीने तीनदा निवडलं. पण २०१९ ला ते काँग्रेस सोडून भाजपकडून उभे राहिले, तेव्हा त्याच मतदाराने त्यांना पाडलं आणि अपक्ष विनोद अग्रवालांना निवडलं. पुढे विनोद अग्रवाल भाजपमध्ये गेले, गोपालदास काँग्रेसमध्ये परतले आणि २०२४ ला विनोद अग्रवालच पुन्हा आले.

तेव्हा इथला मतदार निष्ठावंत नाही आणि भोळाही नाही. तो चिडतो तेव्हा माणूस बदलतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसचा खासदार आणि नोव्हेंबरमध्ये चारही आमदार महायुतीचे, हेही त्यानेच केलं. प्रश्न असा आहे की इतक्या वेळा माणूस बदलूनही तुमच्या धानाचा भाव का बदलत नाही. मला वाटतं तुमच्या रागाचं मूळ इथे आहे, आणि ते निवडीत नाही.

तिकडे जाण्याआधी बाबासाहेबांचा मुद्दा घेतो. तो वरवर सांगून सोडण्यासारखा नाही.

१९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक का झाली, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं, जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का या विडी व्यवसायातल्या पेढीत भागीदार होते आणि त्या पेढीकडे सरकारी कँटीनना विड्या पुरवण्याचं कंत्राट होतं. सरकारशी कंत्राट असलेल्याला निवडणूक लढवता येत नाही, या मुद्द्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. त्याच खटल्यात दुसराही प्रश्न होता. गंगाराम ठवरे यांचा राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला होता, कारण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथ बदलला म्हणून ते महार राहिले नाहीत का? न्यायमूर्ती विवियन बोस यांनी फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल दिला. जसानी अपात्र ठरले आणि ठवऱ्यांची जात पंथ बदलल्याने गेली नाही, असंही न्यायालयाने ठरवलं. निवडणूक रद्द झाली. हा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. विडीच्या कंत्राटावरून एका खासदाराची खुर्ची गेली ती आपल्या या मुलखातून.

त्यातून रिकाम्या झालेल्या राखीव जागेसाठी मे १९५४ मध्ये डॉ. आंबेडकर उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते आणि दोघांमध्ये समझोता होता. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, ती वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. निकाल लागला तेव्हा अशोक मेहता जिंकले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. मतदार तेच, मतपेट्या त्याच दिवशीच्या. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आपलं दुसरं मत बाबासाहेबांना दिलं नाही. हे कशाने झालं ते उघड आहे. जातीने झालं. याला दुसरं नाव देण्याची गरज नाही, आणि मतदाराचा दोष कुठे आहे असं कुणी विचारलं तर तो इथे आहे हे आपण मान खाली घालून कबूल केलं पाहिजे.

पण तुमच्या मुलाला पुढचीही ओळ सांगा. त्याआधी १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईतून उभे होते. तिथे गिरण्या होत्या, शाळा-कॉलेजं होती, वर्तमानपत्रं होती. तिथल्या मतदाराने नारायण काजरोळकरांना निवडलं. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला आधी शहराने पाडलं आणि मग आपण. जातीचा हा रोग खेड्याचा म्हणून सांगता येत नाही. दोन जागांची ती पद्धत पुढे १९६१ च्या कायद्याने बंद झाली. जात तिच्याबरोबर गेली नाही. आजही पवार, कुणबी, कोहळी, तेली, लोधी, बौद्ध, गोंड, हलबा अशी मतांची बेरीज मांडल्याशिवाय एकाही पक्षाचं तिकीट ठरत नाही. ही बेरीज मतदार मांडत नाही, पक्ष मांडतात. मतदार ती मोडतो तेव्हा पक्षांनाच आश्चर्य वाटतं.

आता धानाकडे येतो. तुमचं पत्र मुळात धानाबद्दलच आहे.

२०२४-२५ च्या खरिपाचा हिशेब करू. केंद्राचा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. महाराष्ट्र सरकारने हेक्टरी २०,००० रुपये बोनस दोन हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केला, म्हणजे एकरी ८,०००. एकरी १५ क्विंटल उतारा धरा. हमीभावाचे ३४,५०० आणि बोनसचे ८,००० मिळून तुमच्या हातात एकरी ४२,५००. सीमेपलीकडे बागनदी ओलांडली की भाव ३,१०० आणि एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी. तेवढ्याच १५ क्विंटलचे तुमच्या सोयऱ्याला ४६,५००. फरक एकरी चार हजारांचा, तुमच्या चार एकरांवर १६,०००. पीक जितकं चांगलं तितका फरक मोठा. २१ क्विंटल झाले तर एकरी ८,८०० पर्यंत जातो, कारण आपला बोनस पिकावर नाही, जमिनीवर आहे.

क्विंटलऐवजी हेक्टरवर बोनस देण्यामागे कारण होतं. क्विंटलमागे बोनस होता तेव्हा व्यापारी शेतकऱ्यांचे सातबारे गोळा करून दुसरीकडचं धान केंद्रावर घालत आणि बोनस खात. ते थांबवणं बरोबरच होतं. पण रकमेइतकाच दुसरा फरकही आहे, तो म्हणजे भरवशाचा. तुमचा सोयरा आषाढात परे उपटून रोवणी करतो तेव्हाच त्याला भाव माहीत असतो. तुम्हाला माहीत नसतो. आपला बोनस डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जाहीर होतो, धान घरात आल्यावर. तोवर कर्ज काढून झालेलं असतं, मजुरी देऊन झालेली असते, काहींनी तर नाइलाजाने व्यापाऱ्याला पडत्या भावात धान घालूनही टाकलेलं असतं. बोनस दर वर्षी नव्याने मागायचा, नव्याने मोर्चा काढायचा, नव्याने आभार मानायचे. माझा राग मुख्यतः यावर आहे. जी गोष्ट धोरणात एकदा लिहून टाकता येते ती दर वर्षी उपकार म्हणून का दिली जाते?

आणि छत्तीसगडात हे का झालं? तिथले आमदार आपल्यापेक्षा शहाणे आहेत म्हणून नाही. तिथल्या विधानसभेत ९० जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक जागांवर धान पिकवणारा मतदार आहे. २०१८ ला काँग्रेसने २,५०० चा भाव कबूल केला आणि सत्ता मिळवली. २०२३ ला काँग्रेसने ३,२०० कबूल केले, भाजपने ३,१०० आणि इतर सवलती, आणि भाजप आला. दोन्ही पक्षांना धानासाठी बोली लावावी लागली. धानाला टाळून तिथे कुणाला मुख्यमंत्री होता येत नाही.

महाराष्ट्रात २८८ जागा. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली मिळून दहा आमदार. त्यात चंद्रपूर-नागपूरचे धानाचे तालुके घातले तरी बेरीज फार वाढत नाही. कोकणात भात होतो, पण तिथलं राजकारण भाताभोवती फिरत नाही. मुंबईतल्या सरकारला गोंदियाचं धान नाराज झालं तर काय गमवावं लागतं? चार जागा, त्याही दर पाच वर्षांनी इकडून तिकडे जाणाऱ्या. तुम्ही देवाला निवडून पाठवलंत तरी २८८ मध्ये तो एकच आहे. निवड चुकली म्हणून नव्हे, निवडीचं वजन कमी पडतं म्हणून भाव तोच राहतो.

इथे तुम्ही म्हणाल, ऊसवाले तरी किती आहेत? आहेत बरेच. पण त्यांचं बळ आमदारांच्या संख्येपुरतं नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऊस उत्पादक हा कारखान्याचा सभासद असतो. कारखान्याच्या निवडणुकीत मत देतो, वार्षिक सभेत उठून संचालकाला विचारतो. शिवाय दर वर्षी जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, तिथे पहिल्या उचलीचा आकडा ठरतो आणि त्या आकड्यासाठी रस्ता अडवला जातो. निवडणूक असो नसो. सत्तेवर कुणी असो. आपल्याकडे राईस मिल खासगी मालकीच्या. शेतकरी मिलचा सभासद नाही, खरेदी-विक्री संघाचा नावापुरता सभासद, आणि सरकारी खरेदी केंद्रावर तो फक्त माल घेऊन आलेला माणूस.

त्या केंद्रावर काय होतं ते मी पाहिलं आहे. कुणाला मत द्यायचं याचा निम्मा निर्णय तिथे होतो, असं माझं मत आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगतो. डिसेंबरची संध्याकाळ. आवारात चुंगड्यांच्या थप्प्या, काहींवर ताडपत्री, काहींवर नाही. ज्याच्यावर ताडपत्री नाही तो आभाळाकडे बघत बसलेला, कारण अवकाळीचा एक सडाका आला की धान ओलं आणि ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की केंद्र घेत नाही. नोंदणी ऑनलाइन झालेली, ई-पीक पाहणी झालेली, सातबारा जोडलेला, तरी काटा लागत नाही. का? बारदाना नाही. बारदाना आला तर गोदाम भरलेलं, कारण मिलर भरडाईसाठी धान उचलत नाही. तो का उचलत नाही? कारण भरडाईच्या दरावरून त्याचा सरकारशी वाद चाललेला. शेतकरी रात्री पोत्यांवर घोंगडी टाकून झोपतो, राखण म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी एक मोटारसायकल येते. जिल्हा परिषदेच्या एखाद्या सदस्याचा माणूस. तो कुणाला तरी फोन लावतो, फोन केंद्रावरच्या माणसाच्या हातात देतो, आणि त्या माणसाच्या ओळखीच्या चौघांचा काटा तासाभरात लागतो.

आता त्या चौघांनी निवडणुकीत कुणाला मत द्यावं? आणि ज्यांचा काटा लागला नाही त्यांनी? दोघांचं उत्तर एकच आहे : फोन उचलणाऱ्याला. पहिले देतात कारण त्याने उचलला, दुसरे देतात कारण पुढच्या वेळी उचलावा. पुण्यातल्या मुलाला हे अडाणीपण वाटतं. मला त्यात शुद्ध व्यवहार दिसतो. ज्याच्या घराचं वर्षाचं सगळं उत्पन्न चाळीस किलोच्या पोत्यांमध्ये बांधून उघड्यावर पडलं आहे, त्याने धोरणाला मत द्यावं आणि पावसात भिजावं, असं सांगण्याचा हक्क मला नाही. पुण्यातल्या माणसाचा पगार महिन्याच्या एका तारखेला आमदाराला न विचारता खात्यात जमा होतो. त्याला आमदाराचं नाव माहीत नसलं तरी चालतं.

पण याची किंमत मोठी आहे. फोन उचलणारा माणूस निवडला की तो फोनच उचलत राहतो. काटा सगळ्यांचा वेळेवर लागला तर त्याच्या फोनची गरज संपेल. म्हणून काटा सगळ्यांचा वेळेवर लागावा यासाठी तो विधानसभेत भांडत नाही. हे चक्र कुणा एका पक्षाचं नाही, मी तर म्हणेन कुणा एका माणसाचंही नाही. चांगला माणूस या खुर्चीवर बसला तरी वर्षभरात त्याचे निम्मे दिवस बदल्या, रोहित्रं, दवाखान्यातली खाट आणि खरेदी केंद्र यांच्या फोनमध्ये जातात.

मतदानानंतर काय होतं, तोही भाग आहे. २०१५ मध्ये गोंदिया जिल्हा परिषदेत काँग्रेस आणि भाजप एकत्र आले, राष्ट्रवादीला बाहेर ठेवण्यासाठी. २०२२ मध्ये भाजप आणि राष्ट्रवादी एकत्र आले, काँग्रेसला बाहेर ठेवून, आणि तेव्हा राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादी एकाच सरकारात होते. एकमेकांविरुद्ध मतं मागायची आणि मतमोजणीनंतर एका गाडीत बसायचं. २००४ मध्ये मतदाराने ज्यांना नाकारलं ते प्रफुल्ल पटेल राज्यसभेच्या मार्गाने केंद्रात विमान वाहतूक मंत्री झाले. घटनेत याला मुभा आहे, आणि बिरसीच्या जुन्या विमानतळाचा विकास त्याच काळात झाला हेही नोंदवायला हवं. पण रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय येत असेल याचा विचार कुणी करतो का? आपण पाडलं तरी ते जातात, आपण निवडलं तरी हे विकतात, मग आपल्या मताला अर्थ काय?

पालकमंत्र्यांचं पाहा. २०२० पासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नेमलेले : अनिल देशमुख, नवाब मलिक, प्राजक्त तनपुरे, सुधीर मुनगंटीवार, धर्मरावबाबा आत्राम, बाबासाहेब पाटील. एकही गोंदिया जिल्ह्याचा नाही. जिल्हा नियोजन समितीचा पैसा कुठे खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या बैठकीचा अध्यक्ष दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतो आणि बहुतेकदा झेंडावंदनाला येतो. ही निवड तर मतदाराने केलेलीच नाही. तुमच्या देवरी-आमगाव-सालेकशाची गोष्ट आणखी वेगळी : जिल्हा गोंदिया, पण लोकसभा गडचिरोली-चिमूर. खासदाराचा मुलूख पार अहेरी-सिरोंच्यापर्यंत.

आमगावच्या लोकांचं तर याहून पुढे गेलं. ग्रामपंचायत की नगर परिषद या न्यायालयीन वादात आठ गावं वर्षानुवर्षं लोकप्रतिनिधींवाचून प्रशासकाच्या हाताखाली राहिली, घरकुलासारखी कामं अडली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या लोकांनी आम्हाला मध्य प्रदेशात घाला अशी मागणी केली. वाईट प्रतिनिधी निवडल्याचं दुःख मोठं असतं. निवडायलाच न मिळण्याचं त्याहून मोठं.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला दोन छोटे प्रश्न आहेत.

पहिला : लोक पैसे घेऊन मत देतात, हे खरं ना? पैसे वाटले जातात हे खरं. घेतलेही जातात. पण घेणारा ठरल्याप्रमाणेच बटण दाबतो, हे खरं मानायला आधार नाही. मतदान गुप्त आहे आणि ते गुप्त आहे हे खेड्यातल्या बाईलाही पक्कं ठाऊक आहे. पैशाने निकाल लागत असता तर वर सांगितलेल्या यादीतले निम्मे लोक हरलेच नसते. बायांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया होत्या. रोवणी त्यांची, निंदण त्यांचं, विडी वळणं त्यांचं. २०२४ ला निवडलेले चारही आमदार पुरुष आहेत. बायांना सरकारकडून महिन्याला पंधराशे रुपये मिळाले, पक्षांची तिकिटं मिळाली नाहीत.

दुसरा : निवडून दिलेल्याला परत बोलावता येतं का? आमदार-खासदाराला नाही, तशी तरतूद आपल्या कायद्यात नाही. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर मात्र तो ग्रामसभेच्या मतदानाने पक्का व्हावा लागतो. म्हणजे गावाला हा हक्क काही प्रमाणात आहे.

ग्रामसभेवरून आठवलं. तुमच्याच तालुक्याच्या आसपास वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवलेल्या ग्रामसभा आहेत. तेंदूपत्त्याचा व्यवहार पूर्वी ठेकेदार आणि वन खात्यामध्ये व्हायचा, आता काही गावं स्वतः लिलाव करतात, फळीवरचा, म्हणजे संकलन केंद्रावरचा, हिशेब स्वतः ठेवतात, भाव पटला नाही तर ठेकेदाराला परत पाठवतात. तीच माणसं. विधानसभेला जी ‘चुकीचं निवडतात’ तीच. तिथे ती चुकत नाहीत, कारण तिथे त्यांच्या हातात फोन नाही, व्यवहार आहे. मुलाला सुटीत गावी आल्यावर अशा एखाद्या ग्रामसभेला घेऊन जा.

शेवटी, करायचं काय. धानाचा प्रश्न चार आमदारांच्या बळावर सुटणार नाही, पण भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या दहा आमदारांनी एकच मागणी एकाच भाषेत मांडली तर ती टाळणं सरकारला जड जाईल. ती मागणी लोकांनी लिहून दिली पाहिजे, ‘धानाला भाव द्या’ अशी मोघम नको. तीन गोष्टी पुरेत : बोनसचा आकडा आणि पद्धत जूनमध्ये, रोवणीआधी जाहीर व्हावी, काटा झाल्यापासून चुकारे किती दिवसांत मिळतील ते ठरावं आणि उशीर झाल्यास व्याज मिळावं, भरडाईचे दर खरेदी सुरू होण्याआधी ठरावेत, म्हणजे गोदामं अडणार नाहीत. तुमच्या ग्रामसभेत हा ठराव घ्या, शेजारच्या दहा गावांत घ्यायला लावा, आणि त्याच्या प्रती फक्त तुमच्या आमदाराला नको, दहाही जणांना पोचवा, पक्ष न बघता. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या आधी द्यावी लागते, म्हणून डिसेंबरच्या अधिवेशनासाठी ठराव दसऱ्यापूर्वी त्यांच्या हातात पडले पाहिजेत. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, एखाद्या सदस्याच्या सहीने नागरिकाचा अर्ज तिथे जाऊ शकतो. आणि अधिवेशन संपल्यावर कुणी काय विचारलं याचं कामकाज छापील मिळतं, विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही असतं. ते मुलाला पुण्यात बसून वाचता येईल. दहापैकी कुणी धानावर तोंड उघडलं आणि कुणी नाही, याचा कागद त्याने तयार करून तुम्हाला पाठवावा. तुम्ही तो खरेदी केंद्राच्या भिंतीवर लावा.